बाल्कनी आमची, कठडा सोसायटीचा, मग झेंडा कोणाच्या परवानगीने?

डावीकडचा_दुसरा_मजला | २८ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज वैतागून लिहायला बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पुण्याच्या उपनगरात राहतो, चार विंगांची सोसायटी. मागच्या मंगळवारी विधानसभेच्या निवडणुकीसाठी बाबांनी आमच्या बाल्कनीच्या कठड्याला एका पक्षाचा झेंडा बांधला. कुठला पक्ष ते मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादात धागा हायजॅक होणार. झेंडा केवढा, तर उशीच्या अभ्र्याएवढा. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, १९७७ पासून एकही निवडणूक अशी गेली नाही की त्यांनी झेंडा लावला नाही. वाड्यात होतो तेव्हा माडीच्या खिडकीला लावायचे, आता इथे. आई म्हणते दिवाळीला कंदील मी लावते आणि निवडणुकीला झेंडा हे लावतात, दोन्ही महिन्याभरात उतरतात, तुम्हाला काय त्रास आहे.

तर शनिवारी सेक्रेटरींची नोटीस आली. "इमारतीच्या दर्शनी भागाचे विद्रूपीकरण केल्याबद्दल सदर झेंडा २४ तासांत काढावा, अन्यथा १००० रुपये दंड मेंटेनन्सच्या बिलात लावण्यात येईल." कुठल्या उपविधीखाली? काही नाही. खाली गोल शिक्का मात्र एकदम ठळक.

आता गंमत ऐका. आमच्या गेटवर आत येताना डाव्या हाताला एक भला मोठा बोर्ड आहे, सोसायटीचं नाव बारीक अक्षरात आणि त्याखाली "माननीय नगरसेवक यांच्या सौजन्याने", हात जोडलेला फोटो. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक बसलाय, म्हणजे साहेब कधीच माजी झाले, बोर्डावर अजून आजीच आहेत. बागेतल्या दोन बाकांवर तेच नाव. आणि कालच गेटवर आकाशकंदील चढला, चारही बाजूंनी त्यांचाच फोटो. त्याने दर्शनी भाग विद्रूप होत नाही का?

प्रश्न साधा आहे. स्वतःच्या घराला स्वतःच्या मर्जीने राजकीय झेंडा लावता येतो की नाही? आणि हे ठरवणार कोण, सोसायटी, महापालिका की निवडणूक आयोग?

---

खमंग_काकडी | २८ ऑक्टोबर, ११:०२

आमच्याकडे उटण्याच्या पुडीवर फोटो आलाय. नरकचतुर्दशीला पहाटे उठून पहिलं दर्शन कोणाचं घ्यायचं ते आमदारांनी परस्पर ठरवून टाकलं. :)

---

नऊ_वर्षे_बिनपगारी | २९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मी दुसऱ्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तुमच्या सेक्रेटरींना मी ओळखत नाही पण त्यांची बाजू मांडतो, कारण इथे सगळे नोटीस काढणाऱ्यालाच धरून बडवतात.

२०१९ ला आमच्याकडे अशीच सुरुवात झाली. बी विंगला एकाने झेंडा लावला, आम्ही म्हटलं लावू दे. तीन दिवसांत समोरच्या सी विंगला दुसऱ्या पक्षाचा लागला, त्याच्यापेक्षा मोठा. मग पहिल्याने बांबू आणला. मग एकाने बाल्कनीत स्पीकर लावून प्रचाराचं गाणं सुरू केलं, खाली पोरांच्या क्रिकेट टीमसुद्धा झेंड्यांवरून पडल्या आणि शेवटी एका पोराचं डोकं फुटलं तेव्हा दोन्ही घरचे रात्री बारा वाजता माझ्या दारात. निवडणूक संपली, ते दोघं आज एकत्र मॉर्निंग वॉकला जातात, माझ्याशी मात्र दोघंही बोलत नाहीत.

बाहेरची भिंत, कठडा, गच्ची हे सगळं सोसायटीचं असतं. फ्लॅट तुमचा म्हणजे आतली बाजू तुमची. ग्रिल पुढे काढायची तरी परवानगी लागते ना?

गेटवरच्या बोर्डाचं मात्र खरंय, ते आमच्याकडेही आहे. पेव्हर ब्लॉक फुकट मिळाले होते.

---

काळा_कोट_पांढरी_साडी | २९ ऑक्टोबर, दुपारी १:३०

कोर्टाला दिवाळीची सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितेय. दादा, तुम्ही विचारलंत ठरवणार कोण, तर तिघंही, आणि तिघांचे नियम एकमेकांशी बोलत नाहीत.

आधी आयोग. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली त्या क्षणापासून आचारसंहिता लागू. त्यात एक कलम सगळे विसरतात, ते पक्षांना आणि उमेदवारांना उद्देशून आहे: कोणाच्याही खाजगी जागेवर, इमारतीवर, कुंपणाच्या भिंतीवर मालकाच्या परवानगीशिवाय झेंडे, बॅनर, पोस्टर, घोषणा काही लावायचं नाही. उमेदवाराने खाजगी जागेवर काही लावलं तर मालकाची लेखी संमती आणि तिची प्रत तीन दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. विनापरवाना लावलेलं काढायची मुदतही ठरलेली आहे, निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी जागेवरचं २४ तासांत, इतर सार्वजनिक जागेवरचं ४८ तासांत, खाजगी जागेवरचं ७२ तासांत.

तुमच्या बाबांचा प्रश्न वेगळा आहे, ते स्वतःच्या घराला स्वतः लावतायत. आयोगाच्या सूचनांप्रमाणे ते चालतं, अट अशी की स्वखुशीने, कोणाच्या दबावाखाली नाही, आणि दुसऱ्या कोणाला त्रास नाही. झेंड्यांची संख्यासुद्धा सांगितलीय, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि कोणाला हौसच असेल दोन-चार पक्षांचे लावायची तर प्रत्येकाचा एक.

पण! नुसता पक्षाचा झेंडा आणि "अमुक यांनाच विजयी करा" असा उमेदवाराच्या नावाचा बॅनर यात फरक आहे. मत मागणारं काही लावलंत तर ते प्रचाराचा खर्च धरलं जातं, आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हा आहे. पूर्वी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, १७१ एच होतं, दंड ५०० रुपये. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, कलम १७६, दंड १०,००० पर्यंत. आणि हा खर्च त्या उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत मोजला जातो. म्हणून उमेदवारच कधीकधी कार्यकर्त्यांना सांगतात, बाबांनो उत्साह आवरा.

एक मजेशीर गोष्ट, त्या कलमात १० रुपयांपर्यंतच्या खर्चाला सवलत आहे, दहा दिवसांत उमेदवाराची मंजुरी आणलीत तर. दहा रुपयांत आज झेंड्याची काठीसुद्धा येत नाही, पण नवीन कायदा करतानाही आकडा तोच ठेवलाय.

आता राज्याचा कायदा, महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "विद्रूपीकरण" शब्द तुमच्या सेक्रेटरींनी बहुतेक इथूनच उचललाय. पण दोरीने बांधलेला, सुटा निघणारा झेंडा, ज्याने भिंतीला ओरखडा पडत नाही, त्याला विद्रूपीकरण म्हणणं जरा ओढूनताणून आहे. भिंतीवर रंगवलं, पोस्टर चिकटवलं तर गोष्ट वेगळी.

राहिली सोसायटी. बिनपगारी काका म्हणतात ते बरोबर आहे, बाहेरचा भाग सामाईक. पण दंड सेक्रेटरीच्या मनात आलं म्हणून लागत नाही. आधी सभासदाला म्हणणं मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय. नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

---

गावठी_गडी | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

वकीलताई, झकास लिहिलंय. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, आमचं घर एस्टी स्टँडसमोर, त्यामुळे आमची भिंत म्हणजे सोन्याची खाण. आजोबांच्या काळात निवडणूक लागायच्या आधीच माणसं यायची भिंत धरायला, चुन्याने पक्षाचं नाव आणि साल लिहून जायची की ही आमची. रंगवणारा पेंटर एकच, गावात दुसरा होताच कोण, सकाळी एका पक्षाचं रंगवायचा संध्याकाळी दुसऱ्याचं, पैसे दोघांकडून. एका वर्षी एका पक्षाने पूर्वेची भिंत घेतली आणि दुसऱ्याने पश्चिमेची, आजोबांनी दोघांकडून घराला चुना मारून घेतला वरनं. म्हणजे अक्षरशः चुना लावला. ताई माई अक्का विचार करा पक्का वाचतच आम्ही जोडाक्षरं शिकलो.

मग शेषन आले. ९० ते ९६ मुख्य निवडणूक आयुक्त होता हा माणूस, पण भिंतीवरची अक्षरं कायमची पुसली. आजोबा म्हणायचे, आयोग आला न् आपला रंगाचा खर्च आपल्याच डोक्यावर आला.

आणि हो, फ्लेक्सवर हायकोर्टात जी केस चालू आहे ती आमच्याच साताऱ्याची, सुस्वराज्य फाउंडेशनची जनहित याचिका. ३१ जानेवारी २०१७ चा निकाल आहे, बेकायदा होर्डिंग हटवा, पक्षांनी हमीपत्रं द्या. पक्षांनी दिली. मग त्याच पक्षांचे फ्लेक्स त्याच चौकात.

---

धागापाल | २९ ऑक्टोबर, रात्री ९:००

तीन प्रतिसाद उडवले आहेत. कुठला पक्ष असेल याचा अंदाज लावायचा धागा हा नव्हे.

---

ऑस्टिनकर_मावशी | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:४५

इथे टेक्सासमध्ये पुढच्या मंगळवारी मतदान, त्यामुळे आमच्या गल्लीत सध्या दर तिसऱ्या अंगणात पाटी खोचलेली आहे. त्यांना यार्ड साइन म्हणतात, दोन तारांच्या पायांवर प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा. आमच्या कॉलनीचीही तुमच्यासारखी असोसिएशन आहे, ती गवताची उंची मोजते, दाराचा रंग ठरवते, कचऱ्याचा डबा दिसला की पत्र पाठवते. पण निवडणुकीच्या पाटीला हात लावू शकत नाही! राज्याचाच कायदा आहे की मतदानाच्या आधीचे ९० दिवस आणि नंतरचे १० दिवस असोसिएशनला बंदी घालता येत नाही. मात्र असोसिएशनला अटी घालता येतात, पाटी जमिनीत खोचलेली हवी, एका उमेदवाराची एकच, चार फूट बाय सहा फुटांपेक्षा मोठी नको, झाडाला किंवा गाडीला लटकवायची नाही.

माझी बहीण न्यू जर्सीत असते, तिथलं प्रकरण तर तुमच्या बाबांना ऐकवा. पार्सिपनीमध्ये एक गृहस्थ नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते, त्यांनी स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दारावर स्वतःच्याच नावाची पाटी लावली. असोसिएशन म्हणाली काढा, आपल्याकडे फक्त "घर विकणे आहे" एवढीच पाटी चालते. निवडणूक गेली पण केस राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१२ ला कोर्ट म्हणालं अशी सरसकट बंदी चालणार नाही.

त्याच्याही आधी १९९४ ला मिसुरीतल्या लाडू नावाच्या गावाची केस (होय, लाडूच वाचा, ते लोक लडू का काहीतरी म्हणतात). एका बाईंनी घराच्या खिडकीत युद्धाविरोधी कागद लावला होता, वहीच्या पानाएवढा. गाव म्हणालं आमच्याकडे पाट्यांना मनाई. देशाच्या सुप्रीम कोर्टात नऊच्या नऊ न्यायमूर्ती बाईंच्या बाजूने. म्हणणं असं की माणसाचं घर ही बोलायची वेगळीच जागा आहे, तिथली पाटी काढायला लावलीत तर तेवढ्या स्वस्तात त्याने बोलायचं तरी कुठे.

अर्थात इथेही रात्री पाट्या चोरीला जातात.

---

नऊ_वर्षे_बिनपगारी | ३० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मावशी, तुमच्याकडे अंगण आहे. इथे एका दर्शनी भिंतीवर चाळीस बाल्कन्या आहेत.

---

शाईवाला | ३० ऑक्टोबर, रात्री ११:५०

फ्लेक्सचं दुकान आहे, दिवाळी आणि निवडणूक एकत्र आल्याने जेवायला वेळ नाही, तरी लिहितो. लोकांना वाटतं आचारसंहितेत आमची चांदी, उलट आहे. चांदी वाढदिवसांची असते. निवडणुकीच्या मालावर खाली छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव, पत्ता टाकावाच लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क. छापून घेणाऱ्याकडून सही केलेलं डिक्लेरेशन दोन प्रतींत, त्यावर दोन साक्षीदार. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत आत किंवा दंड किंवा दोन्ही. गिऱ्हाईक म्हणतं एवढं काय लिहितो, फोटो मोठा कर. अहो फोटोचंच तर भांडण आहे, वरच्या पट्टीतली डोकी कुठल्या क्रमाने लावायची यावर माझ्या दुकानात दोन गट भिडलेत, एकाचं डोकं जरा बारीक झालं म्हणून अख्खा फ्लेक्स परत आला.

त्या नगरसेवकाच्या बोर्डाला तळाला प्रेसचं नाव आहे का बघा. नसणार, ते "सौजन्य" आहे ना, प्रचार कुठाय.

---

चाळ_नंबर_सात | ३१ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

झेंड्यापुरतं ठीक आहे, पण गच्चीवरच्या होर्डिंगचं बोला कोणीतरी. आमच्या मुंबईत सोसायट्या भाडं मिळतं म्हणून गच्ची देतात, मग तिथे वर्षभर साबण आणि निवडणुकीत पुढारी. मे महिन्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. १२० बाय १२० फूट होतं, पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. त्यानंतर आमच्या कमिटीला एकदम जाग आली आणि आम्ही वरचा सांगाडा उतरवला. भाडं गेलं, मेंटेनन्स वाढला, आता लोक शिव्या घालतात. झेंडा उडून डोक्यावर पडला तर निदान मरत तरी नाही कोणी.

---

डावीकडचा_दुसरा_मजला | १० नोव्हेंबर २०२४, रात्री ८:३०

अपडेट देतो, दिवाळीत राहून गेलं.

वकीलताईंच्या सल्ल्याप्रमाणे लेखी उत्तर दिलं, पोच घेतली (सेक्रेटरींनी पोच द्यायला दोन दिवस लावले, शिक्का सापडत नव्हता म्हणे, नोटिशीला बरोबर सापडला होता). उत्तरात एवढंच लिहिलं की उपविधी क्रमांक कळवा आणि हाच नियम गेटवरच्या बोर्डाला लावा. त्याचं उत्तर आलंच नाही. त्याऐवजी कोणीतरी, कोणी ते आम्हाला माहीत आहे, निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर आमच्या बाल्कनीचा फोटो टाकला.

त्या ॲपवर तक्रार टाकली की १०० मिनिटांत निकाली काढतात असं ऐकून होतो, प्रत्यक्षात पाऊण तासात भरारी पथक दारात. तिघं जण, त्यातला एक कॅमेरा धरून. आईला वाटलं टीव्हीवाले आले, तिने आधी पदर सारखा केला आणि मग फराळाचं ताट आणलं. साहेबांनी बाबांना विचारलं, झेंडा कोणी लावला, कोणी पैसे दिले का, कोणी जबरदस्ती केली का. बाबा म्हणाले, या घरात माझ्यावर जबरदस्ती फक्त हीच करते. कॅमेऱ्यात आहे ते. मग त्यांनी झेंडे मोजले, एक. उमेदवाराचं नाव नाही. चकली नको म्हणाले, ड्युटीवर आहे. गेले.

आणि जाताना गेटवर थांबले!

बोर्ड बघितला, बाक बघितले, सेक्रेटरींना खाली बोलावलं. साहेब यंदा स्वतः उभे नाहीत पण ज्यांच्यासाठी फिरतायत ते सगळ्यांना माहीत आहे, आणि बोर्डावर पक्षाचं चिन्ह पण आहे कोपऱ्यात. अर्ध्या तासात वॉचमनने ब्राऊन पेपर आणून बोर्ड झाकला, बाकांवर वर्तमानपत्र चिकटवलं. कंदिलाच्याही चारही बाजूंना ब्राऊन पेपर.

पण झालंय काय, संध्याकाळी सहाला कंदिलातला दिवा लागतो. कागद पातळ. आतून चारही बाजूंना हात जोडलेले साहेब पूर्वीपेक्षा जास्त झळकतात, एखाद्या देवळात असल्यासारखे. काल माझी पाच वर्षांची मुलगी नमस्कार करून आली.

---

खमंग_काकडी | १० नोव्हेंबर, ८:३८

वारले मी हसून हसून. कंदिलाचा फोटो टाका ना.

---

धागापाल | १० नोव्हेंबर, ८:४१

टाकू नका.

---

काळा_कोट_पांढरी_साडी | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

छान झालं. दादा, एक विचारायचं राहिलं होतं. यंदा शहरांत बऱ्याच सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये मतदान केंद्रं आहेत. तुमच्याकडे आहे का? असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३० वाचा. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत निवडणुकीसंबंधी कुठलीही खूण, पाटी लावून ठेवता येत नाही, आणि तिथे शब्द आहेत सार्वजनिक किंवा खाजगी जागेत. म्हणजे तुमची बाल्कनीसुद्धा. दंड २५० रुपयेच आहे, पण पोलीस विनावॉरंट ताब्यात घेऊ शकतात.

---

डावीकडचा_दुसरा_मजला | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

आहे!! ए विंगच्या खाली, बाल्कनीतून केंद्राचं दार दिसतं. आता हे बाबांना सांगायचं कोणी.

---

नऊ_वर्षे_बिनपगारी | १० नोव्हेंबर, रात्री १०:३१

सेक्रेटरीला सांगायला लावा. :)

---

गावठी_गडी | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:००

हायकोर्टाने परत विचारलंय बघा पक्षांना, हमी दिली होती ना, मग अवमानाची कारवाई का करू नये म्हणून. पेपरात आहे. बाकी काय झालं काकांच्या झेंड्याचं? उद्या मतदान.

---

डावीकडचा_दुसरा_मजला | २१ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:१०

सांगतो. मी आणि आई चार दिवस चाचपडत होतो. शेवटी १९ ला संध्याकाळी मीच कलम १३० चं प्रिंट काढून बाबांपुढे ठेवलं, की भांडण होणार या तयारीने. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग म्हणाले, "हे पाहिजे होतं नोटिशीत. कलम लिहिलं असतं तर त्याच दिवशी विचार केला असता." उठले आणि स्वतः गाठ सोडली. एवढ्या वर्षांची सवय, गाठ पण अशी मारलेली की मला सुटली नसती. झेंडा धुऊन, इस्त्री करून कपाटात, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

काल सात वाजता रांगेत पहिले बाबा, दुसरे सेक्रेटरी. वीस मिनिटं शेजारी शेजारी उभे होते, गुडघेदुखीवर बोलले.

बोर्ड अजून झाकलेलाच आहे. कमिटीच्या ग्रुपवर कालपासून चर्चा चालू आहे की आचारसंहिता निकालानंतर उठली की ब्राऊन पेपर काढायचा की तसाच ठेवायचा, कारण बोर्ड काढला तर मागच्या भिंतीचा रंग वेगळा दिसेल, आणि तो रंगवायचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा ते कळत नाहीये. बाबांनी ग्रुपवर लिहिलंय की भिंत मी रंगवून देतो, माझ्या खर्चाने, फक्त खाली माझं नाव घालू नका.

---

शाईवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

काकांना सांगा रंगाचा डबा माझ्याकडून.

---

खमंग_काकडी | २१ नोव्हेंबर, सकाळी ९:४४

सौजन्य: शाईवाला.